पहाऱ्यावरचा मासा

जांबोटीकरांची पावसाशी जन्माची ओळख. समुद्राशी मात्र पाहुण्यापुरती. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभादेखील जवळचा पश्चिम समुद्र सोडून पूर्वेकडे कृष्णेच्या भेटीस जाते. उन्हाळी सुटीत आम्ही तिच्याकडे पाठ करून चोर्ला घाट उतरलो आणि साखळी, बांदा, कुडाळ करीत मालवणास पोहोचलो.

शिवछत्रपतींनी १६६४ साली पाया घातलेला सिंधुदुर्ग पाहावा, हा मूळ हेतू. त्याच्या तटाबाहेरील खडकांवर प्रवाळ वाढते. १९८७ साली हा परिसर सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. डोळ्यांवर काचेचा मुखवटा, तोंडात श्वासनळी, अशा अवतारात या वयात मी पाण्यावर पालथा पडलो. खाली रंगपंचमी चालली होती!

त्यातला एक मासा मनात भरला. वीतभर लांब, पाठ हळदीसारखी पिवळी, अंगावर पाच काळे उभे पट्टे. इंग्रजांना त्या पट्ट्यांवरून फौजी बाहीवरील फिती आठवल्या आणि त्यांनी त्याचे नाव ‘सार्जंट मेजर’ ठेवले. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्याने आमच्याकडे फितीचा अर्थ कोणास सांगावा लागत नाही.

एरवी हा मासा थव्याने फिरतो. पाण्यातले सूक्ष्म जीव व शेवाळ खातो. विणीच्या दिवसांत नर खडकाचा एक तुकडा स्वच्छ करतो. मादी तेथे अंडी चिकटवून निघून जाते. नर मात्र जागा सोडत नाही. परांनी वारा घालावा तसे अंड्यांवर पाणी खेळवतो, जवळ येईल त्याच्या अंगावर धावून जातो. या काळात त्याच्या अंगावर निळसर छटा चढते. असाच एक निळसर पहारेकरी माझ्यावरही चालून आला. तो हटला नाही. मीच मागे सरलो.

शाळा उघडल्यावर ही हकीकत वर्गात सांगितली. वडील लष्करात असलेला एक मुलगा उठून म्हणाला, “गुरुजी, त्यांचे बाबा घरात राहूनच पहारा करतात?”

मला चटकन उत्तर सुचेना. बाहेर पाऊस लागला होता. मी फळ्यावर मासा काढला आणि पट्टे भरण्यासाठी खडू त्याच्या हाती दिला. त्याने पाचही पट्टे सावकाश, जपून रेखले.