अठराव्या वर्षी ग्रामसभेत

मार्च १९८९मध्ये आपल्याकडे मतदानाचं वय २१वरून १८वर आलं. मत द्यायचा हक्क सगळ्यांना ठाऊक आहे. पण अठरा पूर्ण झालेल्या मुलीचं गावच्या मतदारयादीत नाव लागलं, की ती ग्रामसभेचीही सदस्य होते. त्यासाठी निवडून यावं लागत नाही, की कुणी नेमावं लागत नाही. हे तिला कुणीतरी सांगायला हवं.

०

ग्रामपंचायतीला उभं राहायला २१ वर्षं लागतात, विधानसभेला २५. ग्रामसभेत मात्र अठराची मुलगी आणि सत्तरीचे आजोबा सारखेच सदस्य.

०

तरुणांच्या वाट्याला गावात काय येतं? मंडप, सतरंज्या, वर्गणी, पुढाऱ्याच्या स्वागताची मोटारसायकल रॅली. गावाच्या विकास आराखड्यात आधी पाण्याची टाकी की सभामंडप, हे ठरवताना मात्र ‘तुम्हाला काय कळतंय?’ जमाखर्च कधी दाखवलाच नाही, तर कळणार कुठून?

०

मेंढा-लेखा, जिल्हा गडचिरोली. इथे निर्णय बहुमतानं नव्हे, सर्वसहमतीनं होतात. अभ्यासगटात आधी विषयाच्या सगळ्या बाजू समजून घेतात, मग ग्रामसभा ठरवते. २००९मध्ये गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. ही वाट दाखवणारे देवाजी तोफा गावातलेच. त्यांच्या सोबतीचे मोहन हिराबाई हिरालाल जयप्रकाश नारायणांच्या छात्र युवा संघर्ष वाहिनीतून घडलेले. एकाचंही ‘नाही’ ऐकावं लागतं, तिथे धाकट्यांना डावलता येत नाही.

०

पुण्याच्या अभ्यासिकांमध्ये हजारो मुलं स्पर्धा परीक्षेसाठी पंचायतराजची ७३वी घटनादुरुस्ती पाठ करतात. यातल्या कितीतरी जणांची नावं अजून गावच्याच यादीत आहेत. हा अभ्यास पोस्ट निघण्याची वाट पाहत का थांबावा? सरपंचाचे अधिकार, गणपूर्ती, आराखड्याचे नियम हे सगळं त्यांना येतं, आणि गावाला नेमकं तेच हवं आहे.

०

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. ग्रामसभेचे हे नेहमीचे दिवस सुट्टीचेच. वसतिगृहातल्या मुलांना घरी येता येतं.

०

एवढं करा: एक प्रश्न कागदावर लिहून न्या. तो इतिवृत्तात नोंदवून घ्या आणि नोंद मोठ्यानं वाचायला लावा. पुढच्या सभेत त्याचं काय झालं, ते विचारा. जाताना शेजारच्या घरातल्या एकीला सोबत न्या.