मैदानातलं इंग्रजी

मैत्रिणींनो, तुमच्याही घरी असं होतं का, पाहा बरं. जेवताना मुलगा सुनेला सांगतो, ‘आता बॉल त्यांच्या कोर्टात आहे.’ सून म्हणते, ‘हो, पण ते दर वेळी गोलपोस्टच हलवतात!’ शब्द सगळे ओळखीचे, पण टेनिसचा पत्ता नाही की फुटबॉलचा नाही. बोलणं चाललेलं असतं ऑफिसचं. आपण आमटी वाढत उभ्या. विचारावं, तर ‘काही नाही गं आई, ऑफिसचं आहे,’ हे ठरलेलं उत्तर. हे ‘काही नाही’ फार टोचतं हो! आपल्याच घरच्या पंगतीत आपण परक्या.

आम्ही नाशकात द्वारकेजवळ राहतो. मुंबई-आग्रा रस्ता आणि पुण्याचा रस्ता इथंच भेटतात, तेव्हा भोंग्यांना रात्रंदिवस खळ नसतो. त्या गोंगाटावर उतारा म्हणून स्वयंपाकघरात रेडिओ लावायची माझी जुनी सवय. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन कानावर पडलेली आमची पिढी. चौकार, षटकार, त्रिफळा हे शब्द आम्ही भाजी निवडता निवडता शिकलो. इंग्रजी समालोचन लागलं, तरी मी रेडिओ बंद केला नाही. हळूहळू कळायला लागलं आणि एक गंमत लक्षात आली. खेळातले शब्द घरात आणायची खोड काही एकट्या इंग्रजांची नाही, ती आपलीही आहे!

आपण नाही का म्हणत, अमकीनं शड्डू ठोकला, तमक्याला चितपट केलं? आखाड्यात पाऊल तरी टाकलंय का आपण कधी? चांगल्या कामाला कुणी ‘खो’ घालतं, ठरलेला ‘डाव’ उधळतं, भांडणात कुणी ‘दंड थोपटतं’. तसंच तिकडचं. मुष्टियुद्धात कमरेच्या पट्ट्याखाली ठोसा मारायला बंदी असते, म्हणून वर्मी लागणाऱ्या हलकट बोलण्याला ते ‘बिलो द बेल्ट’ म्हणतात. खेळाडूचा निभाव लागेना की त्याचा साथीदार रिंगणात टॉवेल फेकतो, म्हणून हार मानणं म्हणजे ‘टॉवेल टाकणं’. बेसबॉलच्या मैदानाला अमेरिकेत ‘बॉलपार्क’ म्हणतात, आणि ‘बॉलपार्क फिगर’ म्हणजे अंदाजे आकडा. लग्नात पानं किती उठतील याचा आपण बांधतो ना, तसला!

क्रिकेटचं तर विचारूच नका. शून्यावर बाद झाला, की इंग्रज म्हणतो ‘डक’. शून्य बदकाच्या अंड्यासारखं दिसतं, त्यावरून आलेला हा शब्द. आपल्याला त्याच शून्यात भोपळा दिसला. ज्याच्या त्याच्या घरचं! ‘हॅटट्रिक’ची गोष्टही मजेदार आहे. १८५८ साली शेफिल्डला स्टीफन्सन नावाच्या गोलंदाजानं लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन गडी बाद केले, तेव्हा लोकांनी वर्गणी काढून त्याला हॅट घेऊन दिली. ‘गुगली’ १९०० च्या सुमारास बोझांके नावाच्या इंग्रज खेळाडूनं आणली. चेंडू वळेलसं वाटतं एकीकडे, वळतो दुसरीकडे. पाहुण्या आत्याबाईंचे प्रश्न आठवले ना? पूर्वी खेळपट्टी पावसात उघडीच असायची. भिजून उन्हात वाळू लागली, की तिच्यावर फलंदाजाची त्रेधा उडे. म्हणून अडचणीच्या जागेला नाव पडलं ‘स्टिकी विकेट’.

तुम्ही म्हणाल, हे कळून आम्हांला काय करायचंय? तर ऐका.

माझी लेक इंग्लंडात, लीड्सला असते. माझी आई गेली तेव्हा एक्क्याण्णव वर्षांची होती. लेकीला तातडीनं निघणं जमलं नाही. तिकडच्या शेजारीणबाई भेटायला आल्या आणि तिचा हात धरून म्हणाल्या, ‘शी हॅड अ गुड इनिंग्ज.’ रात्री लेकीचा फोन. हुंदके देत म्हणाली, ‘आई, माझी आजी गेलीय आणि ह्यांना क्रिकेट सुचतंय!’

लेक शाळेपासून इंग्रजीत शिकलेली, पण हे तिच्या पुस्तकात कुठं नव्हतं. मी म्हटलं, ‘अगं, मोठी खेळी करून गेली, म्हणजे भरपूर आणि भरलेलं आयुष्य जगली. आपल्याकडे नाही का म्हणत, नातवंडं-पतवंडं पाहून गेली, सोनं झालं? त्यांनी तेच त्यांच्या बोलीत म्हटलं गं.’ फोनवर बराच वेळ शांतता. मग हळूच म्हणाली, ‘मी त्यांच्याशी नीट बोललेसुद्धा नाही. उद्या जाऊन येते.’ गेलीही. आता दोघींचं चांगलं गूळपीठ आहे.

हे शब्द शिकायला शिकवणी नको. एक जुनी वही घ्या. कानावर पडलेला शब्द, त्याचा खेळ आणि त्याला आपला मराठी शब्द, अशा तीन ओळी लिहा. खेळ समजला की अर्थ आपोआप उलगडतो. दोन पथ्यं मात्र पाळा. ही बोलण्यातली भाषा आहे, अर्जात किंवा औपचारिक पत्रात ती नको. आणि माणूस पाहून वापरा. ‘गुड इनिंग्ज’ पिकल्या पानासाठीच म्हणायचं, अकाली गेलेल्यासाठी चुकूनही नाही. अमेरिकेतल्या व्याह्यांना क्रिकेटचे शब्द उमगतीलच असंही नाही!

भाषा बदलतेही बरं का. ज्या षटकात एकही धाव निघत नाही, त्याला इंग्रजीत ‘मेडन’ म्हणतात, म्हणजे कुमारिका! आपलं ‘निर्धाव’ त्यापेक्षा कितीतरी बरं. पण २०२१ मध्ये क्रिकेटचे नियम सांभाळणाऱ्या एमसीसीनं नियमांतून ‘बॅट्समन’ काढून ‘बॅटर’ घातला, कारण बॅट धरणारा पुरुषच असतो असं थोडंच आहे? २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. त्या रात्री आमच्या इमारतीतल्या बायका मध्यरात्रीपर्यंत टीव्हीसमोरून हलल्या नाहीत. दूध विरजायचं राहिलं ते राहिलंच!

तेव्हा मैत्रिणींनो, ‘काही नाही, ऑफिसचं आहे’ असं पुन्हा कुणी म्हटलं, तर गप्प बसू नका. सरळ विचारा, ‘गोलपोस्ट हलवलं म्हणजे आयत्या वेळी अटी बदलल्या, असंच ना?’ आणि समोरचे चेहरे पाहत सावकाश पोळी वाढा.