काचीगुड्याची थंडी आणि एक स्वेटर

हैदराबादला थंडी पडते का, असं पुण्या-मुंबईचे पाहुणे हसून विचारतात. पडते की! डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा कधी कधी १२-१३ अंशांवर येतो आणि काचीगुडा चौरस्त्यावर चहा पिणाऱ्यांच्या डोक्यावर कानटोप्या दिसू लागतात. ऊन चढलं की सगळं काढून खांद्यावर. आमच्या घरचे स्वेटर वर्षातले फार तर तीन-चार आठवडे बाहेर असतात. एरवी ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीला.

गेल्या वर्षी कॅनडाला शिकायला निघालेल्या पुतण्यानं खेळांच्या धर्तीवर कपडे काढणाऱ्या एका ब्रँडचा लोकरी स्वेटर मागवला. पांढरा, व्ही गळ्याचा, वेणीची वीण, गळ्याला निळी पट्टी. पार्सल उघडलं आणि वहिनी म्हणाल्या, "अरे, हा तर आजोबांचाच!"

ही तऱ्हा मूळ क्रिकेटची. व्ही गळ्यातून शर्टाची कॉलर मोकळी राहते, वेणीच्या जाड विणीत हवा अडकून ऊब टिकते, पट्टीच्या रंगावरून संघ ओळखू येतो. षटक टाकायला निघालेला गोलंदाज स्वेटर काढून पंचांच्या हाती देतो, हे तर आपण पाहिलेलंच आहे.

आजोबांचा, म्हणजे माझ्या बाबांचा स्वेटर आजीनं नांदेडला विणलेला. बाबा तो घेऊन शिकायला इथे आले, मनमाडकडून येणाऱ्या मीटरगेज गाडीनं. १९१६ साली बांधलेलं काचीगुडा स्टेशन नांदेड-परभणीकडच्या माणसांना जवळचं. तेव्हा नांदेडही हैदराबाद राज्यातच होतं.

नोव्हेंबर १९५५ मध्ये फतेह मैदानावर, म्हणजे आजच्या लालबहादूर स्टेडियमवर, शहरातला पहिला कसोटी सामना झाला. कप्तान हैदराबादचेच गुलाम अहमद. न्यूझीलंडविरुद्ध पॉली उम्रीगरांनी २२३ धावा केल्या. कसोटीतलं भारतीय फलंदाजाचं ते पहिलं द्विशतक. विजय मांजरेकरांच्या ११८, सुभाष गुप्त्यांचे एका डावात ७ बळी. बाबा काचीगुड्याहून चालत गेले होते, आजीचा स्वेटर खांद्यावर टाकून. आजही त्यांना धावफलक पाठ आहे.

पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ ला, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि काचीगुडा आंध्र प्रदेशात. बाबा होते तिथेच राहिले. गाव मात्र परराज्यात गेलं. नोकरी लागली, लग्न झालं, आम्ही इथल्या शाळेत तेलुगू शिकलो, घरी मराठी बोलत राहिलो.

बॅग भरताना वहिनींनी मनातलं विचारलंच, "शिकून परत येशील ना?" पुतण्या म्हणाला, "येणार की!" बाबा हळूच म्हणाले, "मीही आईला हेच सांगून निघालो होतो."

त्यावर कोणीच काही बोललं नाही. पुतण्यानं दोन्ही स्वेटर अंगाला लावून पाहिले. आजीच्या स्वेटरचं कोपर विरलं होतं आणि कॅनडाचा हिवाळा काही काचीगुड्यासारखा तीन-चार आठवड्यांचा नाही. नवा बॅगेत गेला.

जुना इथेच आहे. वहिनींनी सुलतान बाजारातून पांढरी लोकर आणून कोपर नीट केलं. पुतण्या डिसेंबरात आला तर पहाटे लागेल, म्हणतात.