एकाच भाकरीचे तुकडे

रविवार, रात्र.

आज उपासनेत प्रभुभोजन होतं. भाकरीचा तुकडा हातात घेतला आणि समोर पाहिलं, तर पुढच्याच बाकावर त्या मावशी. दोन वर्षं आमचं बोलणं नाही. आई गेली तेव्हा आठ दिवस आमची चूल पेटली नव्हती. मंडळीतून डबे यायचे. त्यात यांचाही डबा असे, हे मी पार विसरले होते.

तेव्हाच ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक आठवले. त्यांनी १९१७ मध्ये साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, ख्रिस्ताच्या मागे निघालेले सारेच त्यात बंधू. केवढं मोठं अंगण! आणि मला एक बाक ओलांडता येत नव्हता.

उपासनेनंतर त्यांच्याजवळ गेले. “मावशी, चुकलं माझं.”

त्यांनी हात धरला. “अगदी आईसारखी दिसतेस गं.”

मग आवारातल्या चिंचेखाली दोघी बराच वेळ बसलो.