बाजारात गेला म्हणून नोटीस

‘कामाच्या वेळेत कंपनीबाहेरील व्यक्तींशी उत्पादनाविषयी चर्चा केल्याबद्दल.’ कारणे दाखवा नोटिशीतलं हे वाक्य मला पाठ आहे. नोटीस माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला आली होती, पण राग माझा अजून उतरलेला नाही.

महापे एमआयडीसीतली पुठ्ठ्याची खोकी बनवणारी कंपनी, डिझाइनला आम्ही चौघं. एका मोसमात आमच्या हापूसच्या पेट्या थप्पीत खालून दबायला लागल्या. मीटिंगमध्ये रोज तेच दळण: कागदाचं वजन (जीएसएम) वाढवा, पाच प्लायचं सात प्लाय करा. चौघंही एकाच हाताखाली शिकलेले, डबाही एकत्र खाणारे. वेगळं सुचणार कुठून?

नोटीस आलेल्या सहकाऱ्याचे मामा तुर्भ्याच्या फळबाजारात माथाडी, साताऱ्याकडचे. हा पहाटे रिकामी पेटी घेऊन तिथे गेला आणि ऑफिसला उशिरा पोचला. मामांनी पेटी फिरवून बघितली, बाजूच्या हातखाचेत दोन बोटं घातली आणि म्हणाले, “ह्यात हात घालून उचलतंय कोण? आमी पाठीवर घेतो.” झालं! खोक्याचा जोर चार उभ्या कोपऱ्यांत असतो हे आम्हाला ठाऊक होतं, तरी हवेची भोकं कोपऱ्यालगत पाडली होती आणि वर ही बिनकामाची खाच. खाच काढली, भोकं मध्ये सरकवली, डाय बदलला. कागद तोच ठेवला. थप्पी उभी राहिली.

पेटी बाजारात गेली त्याच आठवड्यात नोटीस आली. वर्षअखेरीस नावीन्याची ढाल सेक्शन हेडने स्वीकारली. मामांचं नाव नाही, भाच्याचंही नाही. त्याची वेतनवाढ अडवली ती याच नोटिशीवर बोट ठेवून. ज्या फेरीमुळे ढाल मिळाली, तीच फेरी गैरवर्तन! मी एचआरला दोनदा लेखी दिलं. उत्तर आलं नाही, आणि तो नोकरी सोडून गेला.

आणि हे घडलं कुठे, तर नवी मुंबईत! १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या शहराची कल्पना ‘मार्ग’ या कलाविषयक नियतकालिकात मांडली. दोघं वास्तुरचनाकार, एक स्थापत्य अभियंता. सरकारी खात्यातलं कोणी नाही. शहर उभारणारी सरकारी कंपनी सिडको आली १९७० मध्ये. बाहेरच्यांचं ऐकलं म्हणून हे शहर उभं राहिलं.

आता सेक्शन माझ्याकडे आहे. मध्यंतरी आमचं एक डिझाइन बाजारात यायच्या आधीच दुसऱ्या कारखान्यात दिसलं. तेव्हापासून पोरं बाहेर बोलताना दिसली की माझ्याही पोटात गोळा येतो. नोटीस काढणाऱ्याची भीती अगदीच खोटी नव्हती. तरी मी पोरांना बाजारात पाठवतो. ड्रॉइंग तेवढं खणात ठेवून जायला सांगतो. सूचना ज्याची, त्याचं नाव डायच्या मंजुरीच्या कागदावर लिहायला लावतो, हमाल असो की ड्रायव्हर. एचआरला हे अजून पसंत नाही.