गृहपाठ कोणाचा?

शाळकरी मुलांना गृहपाठ द्यावा की नाही, हा विषय पालकसभांत वरचेवर निघतो आणि बहुधा अर्धवटच राहतो. शिक्षक पालकांकडे बोट दाखवतात, पालक शिक्षकांकडे. संध्याकाळी वसईतल्या घरांना भेटी देताना मला या प्रश्नाची तिसरी बाजू दिसत आली आहे.

एखाद्या घरी आई भाजी निवडता निवडता मुलाच्या वहीवर नजर ठेवून असते. "बसा फादर, एवढा गृहपाठ उरकून घेते," असे ती म्हणते आणि मूल शेजारी पेंगत असते. चार घरे पलीकडे दुसरी माऊली पहाटेच्या गाडीने भाजीच्या टोपल्या घेऊन मुंबईला गेलेली असते. परतल्यावर तिला स्वयंपाक असतो, वाडीतले काम असते. तिच्या मुलाची वही कोरी राहते. दुसऱ्या दिवशी शिक्षक एका वहीवर 'उत्तम' असा शेरा देतात आणि दुसऱ्या मुलाला वर्गाबाहेर उभे करतात. वास्तविक हे दोन्ही शेरे त्या दोन घरांना मिळालेले असतात. एका बाकावर बसणाऱ्या मुलांमधील अंतर कमी करणे हे शाळेचे काम. गृहपाठ मात्र ते रोज संध्याकाळी वाढवतो.

हा विचार नवा नाही. १९८९ साली कादंबरीकार आर. के. नारायण यांनी राज्यसभेत शाळकरी मुलांच्या दप्तराच्या ओझ्याविषयी कळकळीने भाषण केले. त्यानंतर प्रा. यशपाल यांच्या समितीने १९९३ मध्ये आपला अहवाल दिला. प्राथमिक वर्गांतील मुलांना घरच्या परिसरात काही शोधणे, पाहणे याखेरीज गृहपाठ देऊ नये, अशी शिफारस तीत होती. केंद्र शासनाच्या २०२० च्या दप्तरविषयक धोरणाने तर मर्यादाच घालून दिल्या: दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवी आठवड्याला फार तर दोन तास, सहावी ते आठवी दिवसाला एक तास आणि पुढे बारावीपर्यंत दिवसाला दोन तास. किती पालकांना हे ठाऊक आहे?

तथापि गृहपाठ मुळीच नको, असे माझे म्हणणे नाही. अमेरिकेतील संशोधक हॅरिस कूपर यांनी अनेक अभ्यासांचा आढावा घेऊन २००६ साली असे दाखवले, की गृहपाठ आणि शालेय यश यांचा संबंध वरच्या वर्गांत स्पष्ट दिसतो, लहान मुलांत मात्र तो क्षीण असतो. आठवी-नववीच्या मुलाने एकट्याने बसून, चुकत, खोडत गणिताच्या उत्तरापर्यंत पोहोचावे, यात मोठे शिक्षण आहे. म्हणून माझी कसोटी साधी आहे. जे काम मूल आईच्या मदतीवाचून, शिकवणीवाचून आणि दुकानातून रंगीत पुठ्ठे न आणता करू शकेल, तेवढेच घरी द्यावे. बाकीचा अभ्यास शाळेने शाळेतच करून घ्यावा.

घराचेही स्वतःचे पाठ असतात. आजीच्या तोंडची बोली, बावखलाचे पाणी वाडीत कसे फिरते याची जाण, आजारी शेजाऱ्याकडे डबा पोहोचवणे, सर्वांनी मिळून केलेली सायंप्रार्थना. हे पाठ शाळा देऊ शकत नाही, आणि त्यांना वेळ फक्त संध्याकाळचाच असतो.

पालकहो, 'त्या शाळेत फारच कमी अभ्यास देतात' ही तक्रार पुष्कळदा आपणच करतो आणि शिक्षकही मग वह्या भरून घेतात. पुढील पालकसभेत ही मागणी उलट करून पाहावी. शिक्षकांनाही एक विनंती आहे: कोरी वही आणणाऱ्या मुलाला उभे करण्यापूर्वी, काल संध्याकाळी तुझ्या घरी कोण होते, एवढे त्याला जवळ घेऊन विचारावे.