आधी छप्पर, मग हीटर

घरच्या सुतारकामाच्या खोलीला केवढा हीटर लागेल, असं कुणी विचारलं की मी आधी छप्पर कशाचं आहे ते विचारतो. दुकानात लांबी-रुंदीवरून वॅट सांगतात. पण आमच्या धडगाव-तोरणमाळकडच्या घरांत ऊब पळते ती वरून, पत्र्यातून.

डाब गावाच्या बाजूला कडक हिवाळ्यात काही पहाटे गवतावरचं दव गोठतं. अशा थंडीतही स्वेटर चढवून रंधा मारता येतो; अडतं ते गोंदापाशी. लाकडाचा पांढरा गोंद साधारण १० अंशांखाली धड धरत नाही. वाळला की खडूसारखा भुकटा पडतो, आणि वरून घट्ट दिसणारा सांधा वजन आलं की सुटतो. लोकांच्या घरात वर्षानुवर्षं वापरायची वस्तू असल्या सांध्यावर सोपवायला मन होत नाही. म्हणून खोली १५ अंशांवर हवी.

हिशेब कागदावर मांडावाच. खोली १० बाय १२ फुटांची, उंची ९ फूट, भिंती नऊ इंची विटांच्या. बाहेर ५ अंश, आत १५. उघडा पत्रा एका अंशाच्या फरकाला चौरस मीटरमागे सुमारे ७ वॅट घालवतो. छप्पर ११ चौरस मीटर, फरक १० अंशांचा, म्हणजे ७७० वॅट नुसते वरून गेले. भिंतींतून जवळपास तेवढेच. पत्रा आणि भिंत यांच्यामधल्या फटींतून तासाला चारदा हवा बदलत असेल, तर आणखी ४००. झाले दोन किलोवॅट. आता पत्र्याखाली दोन इंच रॉकवूल आणि प्लायचं सिलिंग घाला, फटी बुजवा. छपराचे ७७० शंभराच्या आत येतात आणि सगळी गरज हजार वॅटच्या आसपास राहते. शिवाय मे महिन्यात तापलेल्या पत्र्याखाली काम करणाऱ्याला हेच सिलिंग तारतं. पैसे थोडेच असतील तर ते आधी वर घाला, असं माझं ठाम मत आहे.

तरी हीटर हजार वॅटचा घेऊ नये. गार भिंती तापवायला जादा जोर लागतो, आणि खोक्यावरचा आकडा २३० व्होल्टलाच खरा असतो. व्होल्टेज १८० वर आलं की २००० वॅटचा हीटर जेमतेम १२०० देतो, कारण उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. अशा खोलीला मी २००० वॅटचा, अर्ध्यावर चालवता येणारा, थर्मोस्टॅटचा ऑइल हीटर सांगतो. त्याला १५ अँपिअरचा स्वतंत्र पॉवर प्लग आणि अडीच चौरस मिलिमीटरची वायर. लाल होणारी कॉइल भुशाच्या खोलीत नको. कोळशाची शेगडी बंद खोलीत जीव घेते. गॅसच्या हीटरमध्येही तोच धोका, वर एक किलो गॅस जळताना दीड लिटरहून जास्त पाण्याची वाफ खोलीत सोडतो, आणि ती गार लाकडावर बसते.

याहून मोठा मात्र नको. बाहेरची ५ अंशांची, ८० टक्के आर्द्रतेची हवा १५ अंशांवर नेली की आर्द्रता ४० टक्क्यांवर येते. २५ वर नेली तर वीस-बावीस टक्क्यांवर. मग सागाची फळी टोकांकडून आधी सुकते आणि तिथेच तडकते.

आणखी एक. हीटर तापवतो हवा, गोंद मात्र लाकडात भरायचा असतो. खोलीतला थर्मामीटर १५ दाखवतो तेव्हा व्हरांड्यातून नुकतीच आत आणलेली जाड फळी अजून गारठलेलीच असते. मी फळ्या आणि गोंदाचा डबा आदल्या दिवशीच आत घेतो, थर्मामीटर लाकडाला टेकवून पाहतो, आणि जोडणी सकाळी करतो. म्हणजे संध्याकाळी क्लॅम्प सोडेपर्यंत मी हीटरजवळच असतो.